विद्या व अवजार

गेल्या दिवाळींत आम्ही वडूज येथें एका स्नेह्यांच्या घरीं गेलों होतों. हे स्नेही निवृत्त शिक्षक. त्यांचा मुलगा पुण्यास हिंजवडीच्या एका कंपनींत सॉफ्टवेअर तयार करण्याच्या कामावर आहे. भाऊबीजेचा दिवस. बहीण ओवाळण्याचें ताट घेऊन थांबलेली, आणि चिरंजीव माडीवर लॅपटॉपपुढें बसून कसलासा पाठ गिरवीत होते. खालून दोन हांका झाल्या, तिसरी झाली, तेव्हां वडील स्वतः जिना चढून गेले व म्हणाले, "अरे, पदवी मिळून तुला नऊ वर्षें झालीं. आतां परीक्षा कसली?" मुलगा म्हणाला, "परीक्षा नाहीं, अण्णा. तीन वर्षांपूर्वीं शिकलों तें आतां कोणी विचारीत नाहीं. हें नवें महिन्याभरांत आलें नाहीं तर पुढच्या कामावर मला घेणार नाहींत." अण्णा तेथें कांहीं बोलले नाहींत. खालीं आल्यावर मात्र त्यांनीं आम्हांस विचारलें, "आम्हीं छत्तीस वर्षें शिकविलें. अभ्यासक्रम बदलले, पुस्तकें बदललीं. परंतु दर तीन वर्षांनीं शिक्षकच टाकाऊ ठरला असें कधीं झालें नाहीं. ही विद्या तरी कसली म्हणावयाची?"

ह्या प्रश्नाचें नीट उत्तर त्या दिवशीं आम्हांस देतां आलें नाहीं. आज तें देण्याचा यत्न करीत आहों. प्रश्न एका घराचा असता तर त्यासाठीं आम्हीं मासिकाचीं पानें अडविलीं नसतीं. परंतु खटाव-माण हा सारा टापू पर्जन्यछायेंतला. येरळेस पाणी येईल त्या वर्षीं येईल. म्हणून येथें मुलाची नोकरी हीच घराची बागायत समजली जाते. वडूज, औंध, मायणी, पुसेसावळी अशा गांवांतील किती तरी घरांनीं जमिनीचा तुकडा गहाण टाकून, पतसंस्थेचें कर्ज काढून मुलामुलींस इंजिनिअर केलें आहे. पदवी हातीं पडल्यावर ह्या आईबापांस कळतें कीं खर्च संपला नसून आतां कोठें सुरू झाला आहे. एक कोर्स, त्यावर दुसरा, दुसऱ्यावर सर्टिफिकेट. आणि सर्टिफिकेटाची शाई वाळते न वाळते तोंच तिसऱ्या कोर्साची जाहिरात.

ह्या साऱ्या धांवपळीच्या मागें एक मत उभें आहे. तें इतक्या वेळां उच्चारलें जातें कीं त्यास आतां सिद्धान्ताची प्रतिष्ठा आली आहे. त्याचे तीन भाग आहेत. पहिला असा कीं, ह्या धंद्यांतलें ज्ञान दर कांहीं महिन्यांनीं पालटतें. दुसरा असा कीं, म्हणून जो रोज नवें शिकणार नाहीं तो निकामी होतो. आणि तिसरा असा कीं, हें शिकणें त्यानें आपल्या पैशानें व आपल्या झोंपेच्या वेळांत करावें. न जमलें तर दोष त्याचाच. आमचें म्हणणें असें आहे कीं, ह्यांतील पहिला भाग अर्धाच खरा आहे, दुसरा त्यावरून निघत नाहीं, आणि तिसरा तर उघड अन्याय आहे.

प्रथम खरा असलेला अर्धा भाग मान्य करूं. ह्या धंद्यांतलीं अवजारें झपाट्यानें बदलतात ह्यांत शंका नाहीं. गूगल कंपनीनें २०१० सालीं वेबपानें रचण्यासाठीं अँग्युलरजेएस नांवाची चौकट पुढें आणली. हजारों तरुणांनीं ती घोटून घोटून पाठ केली. २०१६ सालीं त्याच कंपनीनें तिची दुसरी आवृत्ति काढली, आणि ती पहिलीशीं इतकी फटकून होती कीं जुनें काम जवळजवळ नव्यानेंच लिहावें लागलें. २०२१ अखेर पहिलीचा आधारहि काढून घेण्यांत आला. एकेकाळीं इंटरनेटवरचे हलते खेळ व चित्रें ज्यावर चालत तो फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजीं बंद झाला. पायथॉन भाषेची दुसरी आवृत्ति १ जानेवारी २०२० पासून बेवारस झाली. ज्यांचें पोट अशा एकाच अवजारावर होतें त्यांची काय अवस्था झाली असेल हें सांगावयास नको.

परंतु ह्याच धंद्याची दुसरी बाजू क्लासवाले कधीं दाखवीत नाहींत. माहिती कोष्टकांच्या रूपानें मांडावी व त्यांचे परस्परसंबंध गणिताच्या नियमांनीं बांधावे ही कल्पना एडगर कॉड ह्यांनीं १९७० सालीं मांडली. त्या कोष्टकांस प्रश्न विचारण्याची भाषा १९७४ सालीं आली. आज बँकेंतील आपली शिल्लक, रेल्वेचें आरक्षण, मुलाचा परीक्षेचा निकाल ह्यांच्या मागें बहुतेक ठिकाणीं तीच कल्पना व त्याच भाषेचे वंशज काम करीत आहेत. दोन स्थळांमधील सर्वांत जवळची वाट कशी शोधावी ह्याची रीत डच पंडित डायक्स्ट्रा ह्यांस १९५६ सालीं सुचली. अजून ती प्रत्येक विद्यार्थ्यास प्रथम शिकविली जाते. सी ही भाषा १९७२ च्या सुमाराची. अजून यंत्रांच्या पोटांत तीच बोलली जाते. कोबोल त्याहूनहि जुनी, १९५९-६० सालची. तिचें श्राद्ध कितीदां घातलें गेलें ह्याची गणती नाहीं. पण १९९९ सालीं वर्षाचे दोनच आंकडे लिहिण्याच्या जुन्या संवयीमुळें जगभरचे हिशोब बिघडण्याची भीति पडली, तेव्हां ह्याच म्हाताऱ्या भाषेतले प्रोग्रॅम दुरुस्त करण्यासाठीं हिंदुस्थानांतील इंजिनिअरांस परदेशांतून बोलावणीं आलीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं टिफरॅक हा देशी बनावटीचा संगणक कामास लागला. त्यांतल्या निर्वात नळ्या आज संग्रहांत ठेवण्याच्या लायकीच्या आहेत. पण प्रश्नाचे तुकडे कसे पाडावे, थोड्या जागेंत व थोड्या वेळांत उत्तर कसें आणावें, चूक कोठें दडते, ह्या ज्या गोष्टी तेथें बसून माणसें शिकलीं त्यांतली एकहि शिळी झालेली नाहीं.

मराठी वाचकांस ह्याचा एक पुरावा अगदीं घरचा आहे. कांहीं वर्षांपूर्वीं छापखान्यांत व कचेऱ्यांत निरनिराळ्या फाँटांत मराठी मजकूर टाइप केला जात असे. प्रत्येक फाँटवाल्याची आंकड्यांची वांटणी स्वतंत्र. एकाच्या घरीं ज्या आंकड्यास 'क' म्हणत त्यास दुसऱ्याच्या घरीं भलतेंच अक्षर. फाँट गेला कीं मजकुराच्या जागीं नुसता चिन्हांचा कचरा. कित्येक लेखकांचीं हस्तलिखितें, कित्येक संस्थांचे अहवाल ह्या रीतीनें डोळ्यांदेखत मुके झाले. १९९१ सालीं निघालेल्या युनिकोडांत देवनागरीस ठराविक आंकडे मिळाले होते, तरी आपल्याकडे तें रुळावयास पुष्कळ वर्षें गेलीं. हा जुना मजकूर पुन्हां बोलका कोणीं केला? अमुक फाँटाच्या कळा पाठ असणाऱ्या टायपिस्टानें नव्हे. यंत्राच्या पोटीं अक्षर नसतें, आंकडा असतो, ही मूळ गोष्ट ज्यास ठाऊक होती त्यानें दोन याद्या समोरासमोर ठेवून रूपांतराचा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्याची विद्या फाँटाबरोबर गेली. दुसऱ्याची फाँटाच्या मृत्यूनंतरच उपयोगास आली.

आमच्याच भागांतल्या एका धंद्याकडे पाहावें म्हणजे हा भेद आणखी स्पष्ट होईल. खानापूर, आटपाडी आणि त्यांस लागून असलेल्या दुष्काळी गांवांतील गलाई कारागीर सोनें-चांदी शुद्ध करण्याचें काम घेऊन भारतभर पसरले आहेत. जुन्या दागिन्यांचें हिणकस सोनें पुरेशा चांदींत मिसळून वितळवावयाचें, शोऱ्याच्या तेजाबांत सोडावयाचें. चांदी आणि तांबें विरघळतें, सोनें तळाशीं राहातें. पूर्वीं ह्यांची भट्टी कोळशाची होती, पुढें गॅसची व विजेची आली. पूर्वीं कस पाहावयास कसोटीचा दगड होता, आतां क्ष-किरणांचें यंत्र टेबलावर बसलें आहे. म्हणून जुना गलाईवाला निकामी झाला काय? मुळींच नाहीं. नवें यंत्र हाताळावयास त्यास चार दिवस लागले असतील. परंतु यंत्र कोठें फसतें हें जाणावयास त्याचा जन्म कामीं आला. हें यंत्र धातूचा वरचा पातळ थर पाहून आंकडा सांगतें. जाड मुलामा असला तर तें मुलाम्याचाच कस सांगेल. ज्यास धातु ठाऊक आहे तो म्हणतो, "तुकडा कापा, वितळवा, मग बघूं." ज्यास केवळ यंत्राचें बटण ठाऊक आहे तो आंकडा वाचून पैसे मोजून देतो आणि बुडतो.

धातु ओळखणें ही विद्या. दगड, भट्टी व यंत्र हीं अवजारें. विद्या हळू येते व हळू जाते. अवजार लवकर येतें व लवकर जातें. आणि ज्यास विद्या आहे त्यास अवजार बदलण्याचे श्रम थोडे पडतात. फ्रेडरिक ब्रुक्स ह्या अनुभवी अमेरिकन ग्रंथकारानें १९८६ सालींच दाखवून दिलें होतें कीं, सॉफ्टवेअरच्या कामांत एक अडचण अवजारांची असते व दुसरी खुद्द प्रश्नाच्या गुंतागुंतीची. पहिली नव्या अवजारांनीं कमी होते, दुसरी होत नाहीं. मग दर कांहीं महिन्यांनीं सर्वच पालटतें हें म्हणणें किती पोकळ आहे हें सांगावयास नको. सर्व पालटत नाहीं, वरचा पेहराव पालटतो. आणि आमच्या मुलांस पेहरावामागें धांवावयास लावून त्यासच शिक्षण हें नांव दिलें जातें.

ह्यावर व्यवहारी गृहस्थ म्हणतील, "हें सर्व पुस्तकी झालें. नोकरीच्या जाहिरातींत विद्या विचारीत नाहींत, अवजाराचें नांव विचारतात. आमच्या मुलानें कॉड ह्यांचा सिद्धान्त सांगत बसावें काय?" आक्षेप खोटा नाहीं, आणि त्यास टाळूं नये. पोटासाठीं चालू अवजारांपैकीं एक चांगलें हस्तगत करावें, हें आम्हांसहि मान्य आहे. ज्या सुताराच्या हातीं पटाशीच नाहीं त्याचें सुतारकाम कोण पाहणार? आमचें म्हणणें एवढेंच कीं एक अवजार खोल शिकावें, दहा वरवर नव्हे. ज्यानें एक चौकट आंतून उलगडून पाहिली आहे, ती असें कां करते हें ज्यास सांगतां येतें, त्यास दुसरी चौकट आठवडाभरांत ओळखीची होते. ज्यानें दहा चौकटींचे पहिले तीन धडे केले आहेत त्याच्या अर्जावर नांवें पुष्कळ असतात, परंतु रात्रीं दोन वाजतां चालू यंत्रणा बंद पडली म्हणजे बोलावणें त्यास येत नाहीं.

उलट बाजूनेंहि कोणी आमच्या म्हणण्याचा आधार घेऊं नये. "मूलतत्त्वें आम्हीं विशीतच शिकलों, आतां नवें तें सारें थेर" असें म्हणून स्वस्थ बसणारे वडीलधारे इंजिनिअर आम्हीं पाहिले आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते असें म्हणून तो न घेणारे शेतकरी ह्याच मुलखांत होते. त्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. नवें अवजार पाहावें, तपासावें, कामाचें असेल तर घ्यावें. पण पाहून घेणें निराळें, आणि भयानें धांवणें निराळें.

आतां सर्वांत ताजा आक्षेप. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी लोकांपुढें आलें, आणि साध्या बोलींत सांगितलेलें काम ऐकून प्रोग्रॅम लिहून देणारीं यंत्रें घरोघर पोंचलीं. तेव्हांपासून भय घालणाऱ्यांचा स्वर आणखी चढला आहे. कालपर्यंत जे म्हणत होते कीं रोज नवी भाषा शिका, तेच आज म्हणतात कीं भाषा शिकणेंच व्यर्थ, आतां यंत्रास आज्ञा कशी द्यावी ह्याचा कोर्स करा. शुल्क मात्र तेंच, किंबहुना थोडें अधिक! आमच्या मतें ह्या यंत्रांनीं आमचाच पक्ष बळकट केला आहे. हें यंत्र जें स्वस्त करतें तें काय? ठराविक सांच्यांतील ओळी भराभर लिहून काढणें. म्हणजे नेमकें तेंच, जें क्लासांत हजारों रुपये घेऊन घोकविलें जात होतें. ह्या यंत्रामुळें नवशिक्यांच्या हातचें कांहीं काम जाणार हें खोटें म्हणून चालणार नाहीं. परंतु तें यंत्र चुकीचा प्रोग्रॅमहि बरोबर प्रोग्रॅमाइतक्याच आत्मविश्वासानें लिहून देतें. हें सोनें आहे कीं मुलामा, हें सांगणारा माणूस शेवटीं लागतोच. आणि तो माणूस धातु ओळखणाराच असावा लागतो. वृद्ध गलाईवाल्यास जें कळतें तें आमच्या पदवीधरास कळूं नये, हें नवल नव्हे काय?

राहिला तिसरा भाग, आणि आमचा खरा रोष तेथेंच आहे. अवजार कोणाच्या कामासाठीं बदलतें? मालकाच्या. नवी चौकट घ्यावी, जुनी टाकावी हा निर्णय कोण करतें? मालक, किंवा त्याचा गिऱ्हाईक. मग तें शिकण्याचा खर्च कामकऱ्याच्या रविवारांतून व त्याच्या बायकामुलांच्या वांटणीच्या संध्याकाळींतून कां वसूल व्हावा? गिरणींत नवा माग आणणारा मालक विणकरास असें म्हणत नाहीं कीं, हा माग तूं घरीं विकत घे, रात्रीं त्यावर शीक, आणि सकाळीं तयार होऊन ये. १९१० सालीं औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हां शेतावरच्या माणसांस यंत्रावरचें काम कारखान्यांतच शिकविण्यांत आलें. शिकून आलेली माणसें त्या माळावर उगवलीं नव्हतीं. ज्या जिल्ह्यांत कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला, त्या जिल्ह्यास 'कमवा आणि शिका' हे शब्द नवे नाहींत. परंतु त्या योजनेंत कमावणें व शिकणें ह्या दोहोंस दिवसांत जागा राखलेली होती, आणि दोहोंची जबाबदारी संस्था घेत असे. आजच्या योजनेंत कमावतो कंपनीसाठीं आणि शिकतोहि कंपनीसाठीं; स्वतःचें फक्त जागरण.

डॉक्टरांसहि नवें शिकावें लागतें, असें कोणी म्हणेल. होय, महाराष्ट्रांत वैद्यक परिषदेकडील नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करतांना त्यांस सतत शिक्षणाचे गुण दाखवावे लागतात. पण तेथें किती शिकावयाचें हें मोजलेलें आहे, मुदत ठरलेली आहे, आणि ठरविणारी परिषद त्यांच्याच व्यवसायाची आहे. सॉफ्टवेअरच्या कामकऱ्यास मोजमाप नाहीं, मुदत नाहीं, परिषद नाहीं. कधींच पुरें न होणारें कर्ज सावकारीत असतें हें आमच्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. तसलें कर्ज विद्येच्या नांवानें त्यांच्या नातवंडांवर चढत आहे. आणि चाळिशीच्या सुमारास पगार वाढला कीं "आपण काळाबरोबर राहिलां नाहीं" एवढें एक वाक्य त्यास बाहेर घालविण्यास पुरतें. काळाच्या नांवावर खपविलेल्या ह्या वाक्यांत पुष्कळदां नुसता पगाराचा हिशोब असतो.

तेव्हां करावें काय? कंपन्यांनीं नव्या अवजाराचें शिक्षण कामाच्या वेळांत व आपल्या खर्चानें द्यावें, आणि तरुणांनींहि मुलाखतीस बसतांना पगाराबरोबर हा प्रश्न विचारावयास लाजूं नये. कॉलेजांनीं अभ्यासक्रमास बाजारांतलीं नांवें चिकटविण्याची घाई सोडून गणित, माहितीची रचना, यंत्राचें अंतरंग आणि स्वच्छ लिहिणें ह्या चार गोष्टी पक्क्या कराव्या. आईबापांनीं क्लासाचें शुल्क भरण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा : हें शिकलेलें दहा वर्षांनीं उपयोगीं पडेल काय? उत्तर 'नाहीं' असेल तर तें अवजार आहे. त्यासाठीं जमीन गहाण टाकूं नये. उत्तर 'होय' असेल तर विद्या आहे. ती सावकाश येईल, तिला वेळ द्यावा, आणि मुलगा वर्षभरांत कांहीं दाखवूं शकला नाहीं तरी त्यास टोंचून बोलूं नये.

अण्णांस आमचें उत्तर एवढेंच आहे. आपल्या मुलाची विद्या टाकाऊ झालेली नाहीं. ती टाकाऊ झाली असें त्यास वाटावें ह्यांत कित्येकांचा फायदा आहे, म्हणून तसें त्यास रोज सांगितलें जातें. आपणहि छत्तीस वर्षांत फळा, पाटी व पुस्तकें बदललेलीं पाहिलींत. मूल कसें समजतें हें आपणांस जें कळलें होतें तें शेवटच्या दिवसापर्यंत कामास आलें. मुलास हें सांगावें, आणि पुढच्या भाऊबीजेस पहिल्याच हांकेस खालीं बोलवावें. बहीण ताट घेऊन किती वेळ उभी राहाणार?